निकोटीनचा च्युइंगम: एका पेन्शन आलेल्या तोपचीचा रिव्ह्यू, भरतीच्या पोरांसाठी आणि सर्व्हिसमधल्या भावांसाठी

नाशिकमधल्या कुठल्याही मेडिकलात जा, काउंटरवर इनोच्या पाकिटांशेजारी निकोटीन गमची रंगीत पाकिटं लटकलेली दिसतील, त्यांचा हा रिव्ह्यू आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण कुठलंही घ्या, आत औषध तेच असतं, निकोटीन पोलाक्रिलेक्स, फरक चवीचा आणि थोडा कडकपणाचा. मी आर्टिलरीत होतो, हवालदार म्हणून पेन्शन आलो, आता नाशिकरोडला घर आहे आणि सकाळी फौजेच्या भरतीची तयारी करणाऱ्या पोरांकडून पळायची प्रॅक्टिस करून घेतो, फी वगैरे काही घेत नाही. पोरं मला मेजर म्हणतात, हवालदार होतो हे सांगून सांगून थकलो, आता ओ देतो. माझी स्वतःची सिगारेट सर्व्हिसमध्ये असतानाच या गमवर सुटली, नंतर युनिटमधल्या बऱ्याच जणांना आणि इथल्या पोरांना तो घ्यायला लावला. ऑनलाइन रिव्ह्यू बघितले तर निम्मे लोक 'लाइफ चेंजिंग, पाच स्टार' आणि निम्मे 'पैसे पाण्यात, उचकी लागते', आणि ज्याला मैदानावर घड्याळाशी भांडायचंय त्याच्या कामाचं त्यात काहीच नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

सरळ सांगायचं तर माल चांगला आहे पण तो अर्धंच काम करतो. शरीराला जी निकोटीनची तलफ येते ती तो नीट भागवतो. पण फौजेत सिगारेट म्हणजे निकोटीन कमी आणि सुट्टीची पाच मिनिटं जास्त असतात, त्याचं काय करायचं हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं. त्याच्यावर खाली येतोच.

हा गम मुळात फौजी लोकांमुळेच निघालाय हे किती जणांना माहितीये? स्वीडनमध्ये लुंड युनिव्हर्सिटीत क्लास लुंडग्रेन नावाचे डॉक्टर होते, त्यांचा पाणबुडीवाल्या नौसैनिकांशी संबंध यायचा. पाणबुडीत सिगारेट पेटवायची सोय नाही, तर तिथली ओढणारी माणसं खाली गेली की तोंडात तंबाखू धरायची आणि त्यावर निभावून न्यायची. लुंडग्रेननी १९६७ मध्ये हे ओवे फर्नो यांना कळवलं, ते हेलसिंगबोर्गच्या लिओ नावाच्या औषध कंपनीत होते. म्हणजे मुद्दा असा की माणसाला धूर नको असतो, निकोटीन हवं असतं, मग ते धुराशिवाय तोंडातूनच दिलं तर? त्यातून निकोरेट नावाचं गम तयार झालं, १९७८ ला स्वित्झर्लंडमध्ये पहिल्यांदा विकायला आलं आणि १९८४ ला अमेरिकेत परवानगी मिळाली. आता गंमत बघा, त्याच अमेरिकेच्या आर्मीत जवानाच्या फिल्ड रेशनच्या डब्यात बिस्किटं, कॉफी यांच्या जोडीला सिगारेटी यायच्या, आणि हे १९७५ पर्यंत चालू होतं. सरकारनेच लावायची आणि मग सरकारनेच सोडवायची, सगळ्या जगात फौज सारखीच बघा.

बरं, आता ते वाक्य घेऊ जे प्रत्येक बॅरेकमध्ये ऐकू येतं. 'अरे तो फलाणा दिवसाला पाकीट संपवतो आणि बीपीईटीत एक्सलंट मारतो, सिगारेटने काय होत नाय.' बीपीईटी म्हणजे पिट्ठू-रायफल घेऊन पळायची फौजेची टेस्ट. हे वाक्य खोटं नाही, खरंच असे जवान असतात, मी पाहिलेत, पाठीवर पिट्ठू, हातात रायफल, पाच किलोमीटर पळून आले आणि श्वास जाग्यावर यायच्या आत माचिस शोधायला लागले. पण ह्याचा अर्थ सिगारेटने काही होत नाही असा नाहीये, अर्थ एवढाच की बावीस-तेवीस वर्षांच्या, रोज पीटी करणाऱ्या शरीरात शिल्लक एवढी असते की त्यातून चोरी झालेली कळत नाही. तो न ओढता किती पळाला असता हे कोणी मोजतच नाही ना. टेस्टला पास झाला, विषय संपला. मग पस्तिशी येते, नाईकचा हवालदार होतो, पीटी कमी, फाइल आणि स्टोअर जास्त, आणि मग त्याच माणसाला पीपीटी या दुसऱ्या टेस्टचे २.४ किलोमीटर पळताना वयाप्रमाणे वेळ वाढवून मिळूनसुद्धा शेवटी घाम फुटतो. तेव्हा तो म्हणतो वय झालं.

चोरी नक्की कुठे होते तर रक्तात. सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोराने चिकटतो. रेग्युलर ओढणाऱ्याचं साधारण पाच ते दहा टक्के हिमोग्लोबिन असं अडकून बसलेलं असतं, ते ऑक्सिजन वाहायला मोकळंच नाही. वर निकोटीनमुळे बसल्याजागी पल्स वाढलेली, म्हणजे पळायला सुरुवात करायच्या आधीच इंजिन अर्धं गरम. आता नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, इथे हे जाणवत नाही. पण साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाबच निम्मा होतो, तिथे ते पाच-दहा टक्के म्हणजे काय हे ज्याची तिकडे पोस्टिंग झालीये त्याला विचारा. आणि थंडीचं वेगळंच. निकोटीनने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, सिगारेट ओढली की ऊब येते असं वाटतं पण बोटं उलट गार पडतात, फ्रॉस्टबाइटचा धोका वाढतो. तिथे वर आम्ही काय करायचो, तर ऊब यावी म्हणूनच ओढायचो. असो.

मैदानावरचं सांगतो. अग्निवीरच्या १६०० मीटरला पूर्ण ६० मार्क पाहिजेत तर साडेपाच मिनिटांच्या आत यावं लागतं, म्हणजे चारशे मीटरचा एक राउंड साधारण ८२ सेकंदात, असे चार. आमच्याकडे सिन्नरच्या बाजूचा एक पोरगा येतो, उंच, पाय असे की घोड्यालाही लाज वाटावी, पहिले दोन राउंड कायम पुढच्या तिघांत. तिसऱ्या राउंडच्या वळणावर दर वेळी तेच, खांदे कानापर्यंत वर, मुठी आवळलेल्या, तोंड उघडं आणि मागची पोरं एक एक करून बाजूने निघून जाणार. आल्यावर गुडघ्यावर हात ठेवून वाकला होता, मी म्हटलं हात दाखव. उजव्या हाताचं पहिलं आणि मधलं बोट आतल्या बाजूने पिवळं.

'मेजर, मी ओढत नाय, पोरं भेटली तरच.'

'पोरं रोज भेटतात का?'

हसला आणि खाली बघायला लागला. त्याला झापून उपयोग नव्हता, त्याच्या घरी चुलता बिडीवर, मोठा भाऊ बिडीवर, आणि तालुकाच बिडीच्या धंद्यावर वाढलेला. मी त्याला गमचं पाकीट घ्यायला सांगितलं, वय अठराच्या पुढे आहे ना हे आधी विचारलं, कारण भरतीला साडेसतरापासून पोरं येतात आणि हा गम अठराच्या खालच्यांसाठी नाही, आणि ज्याने कधी तंबाखूला हातच लावला नाही त्याच्यासाठी तर अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या गम चघळतच वॉर्मअपला आला, साधा बबलगम खातात तसा कचाकचा, आणि दहा मिनिटांत उचकी सुरू. मग छातीत जळजळ, मग पोटात ढवळतंय. म्हणाला मेजर हे विष आहे. ऑनलाइन ज्यांनी एक स्टार दिलाय ना त्यातल्या जवळपास सगळ्यांचं हेच झालेलं असणार.

तर नीट समजून घ्या, हा चावायचा पदार्थच नाहीये. हळूहळू चार-सहा वेळा चावायचा, तोंडात तिखटसर झणझण सुरू झाली की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा. झणझण उतरली की परत दोन-चार वेळा चावायचा, जागा बदलून परत ठेवायचा. असं साधारण अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं, कचाकचा चावलं की ते सगळं लाळेबरोबर पोटात जातं, तिथे त्याचा फायदा फार कमी आणि त्रास पूर्ण, उचकी आणि जळजळ तिथूनच येते. गंमत म्हणजे तंबाखू धरणाऱ्या माणसाला हे शिकवावंच लागत नाही, तो पहिल्याच दिवशी बरोबर गालात सरकवून गप बसतो. शिकवावं लागतं ते सिगारेटवाल्यांना.

आणि चहा. नाशिकमध्ये ही सगळ्यात मोठी अडचण आहे, कारण इथे सकाळ टपरीशिवाय होत नाही. गम तोंडात असताना आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, ज्यूस, लिंबूपाणी काही नाही, कारण तोंड आंबट झालं की निकोटीन आत शोषलं जात नाही. मग माणूस म्हणतो गमचा इफेक्टच नाही आणि वरून एक सिगारेट मारतो. यामागचं कारण तुम्हाला आधीच माहितीये फक्त लक्षात आलेलं नाही. तंबाखूत चुना का मळतात? चवीसाठी नाही, चुन्याने तोंड अल्कलाइन होतं आणि निकोटीन पटकन चढतं. गमच्या कंपनीनेही तेच केलंय, आत सोडियम कार्बोनेट वगैरे घातलेलं असतं. आपल्या आज्याने हातावर अंगठ्याने जे मळलं तेच लॅबमध्ये मळून पाकिटात भरलंय, फक्त तंबाखूतली कॅन्सरवाली भानगड काढून टाकलीय. त्यामुळे मिसळ खाल्ली, वर चहा घेतला आणि लगेच गम टाकला तर पैसे फुकट, आधी साध्या पाण्याने चूळ भरा आणि थोडं थांबा.

आता पळणाऱ्यांसाठी खास, जे मला कुठल्याच रिव्ह्यूत सापडलं नाही. पळायच्या आधी गम नको. निकोटीन गमातून आलं तरी ते निकोटीनच, पल्स वाढवणारच, आणि तोंडात गम ठेवून १६०० पळणं म्हणजे घशात अडकवून घ्यायचे धंदे. मोबाइलवर व्हिडिओ बघून काही पोरं उलटंच शिकून येतात, की निकोटीनने स्टॅमिना वाढतो, परदेशातले खेळाडू घेतात. जागतिक अँटी डोपिंगवाल्या वाडाने निकोटीनवर बंदी घातलेली नाही, फक्त लक्ष ठेवायच्या यादीत ठेवलंय हे खरं आहे, पण म्हणून ज्याने कधी ओढली नाही त्याने तो गम खाऊन चक्कर यायची वाट बघू नये. आमच्या ग्राउंडवर नियम सोपा, आधी पळा, श्वास जाग्यावर येऊ द्या, पाणी प्या आणि मग ज्या वेळेला सिगारेट पेटवली असती त्या वेळेला गम. सकाळची पळणी होईपर्यंत धूर नाही, एवढं जरी जमलं तरी फरक पडतो, कारण कार्बन मोनॉक्साइड रक्तातून चार ते सहा तासांत निम्मा उतरतो आणि दिवसभरात जवळपास निघून जातो. फुप्फुसाला वेळ लागतो पण रक्त लगेच साफ व्हायला लागतं. सिन्नरवाल्याला हेच पटलं, कॅन्सर, हार्ट अटॅक त्याला लांबच्या गोष्टी वाटत होत्या, तिसरा राउंड जवळची.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवायला लागते नाहीतर पोरं पळून जातात. सिगारेट सोडल्यावर सुरुवातीला खोकला वाढतो. श्वासनळीत जे बारीक केस असतात, धुराने झोपलेले, ते जागे होऊन साफसफाई सुरू करतात, कफ वर यायला लागतो. आमचा एक लान्स नाईक होता, सोडल्यावर आठवड्याच्या आत परत ओढायला लागला आणि सगळ्यांना सांगत सुटला की सोडली तेव्हाच छाती खराब झाली होती. भूकही वाढते, वजन वाढतं, आणि सर्व्हिसमध्ये ओव्हरवेट झालात की मेडिकल कॅटेगरी खाली जायचं लफडं मागे लागतं, त्यामुळे सोडताना लंगरमधल्या पुऱ्यांकडे जरा सांभाळून. यात गम थोडी मदत करतो, तोंड चालू राहतं, पण वजनाचा पूर्ण बंदोबस्त तो करत नाही.

दुखापतींचं राहिलं. रिक्रूट ट्रेनिंगमध्ये ओढणाऱ्यांना दुखापती जास्त होतात हे अमेरिकन आर्मीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि हाड मोडलं तर ओढणाऱ्याचं जुळायला जास्त वेळ घेतं हे कुठलाही हाडांचा डॉक्टर सांगेल. नडगी दुखते म्हणून पोरं माझ्याकडे बूट दाखवत येतात, महागडे बूट, तीन-चार हजारांचे, आणि खिशात पाकीट. गनर लोकांना तर हे जास्त लागू, १५५ एमएमचा गोळा ४०-४५ किलोचा असतो, तो ड्रिलमध्ये उचलून उचलून पाठ आणि गुडघे असेही झिजतात, त्यात ती झीज भरून काढायची ताकद सिगारेटने कमी करून घ्यायची म्हणजे कमाल आहे.

बरं आता ते दुसरं अर्धं.

फौजेत सिगारेट कधी ओढली जाते बघा. फॉलिन म्हणजे रांगेतली हजेरी मोडली, ब्रेक झाला, की जो ओढतो त्याला बाजूला जाऊन उभं राहायचं कारण मिळतं. जो ओढत नाही त्याला उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारा, म्हणतो रिकामा आहेस ना, ते टेंट पेग उचल. मी हे चेष्टेत लिहीत नाही, सर्व्हिसवाले मान डोलावतील. रात्रीच्या ड्युटीवरून उतरलो की दोघं-तिघं बॅरेकच्या मागे, एकाची सिगारेट, दुसऱ्याची माचिस, त्यातच घरची बातमी, सुट्टी मंजूर झाली का, साहेबाचा मूड कसाय, सगळं तिथे कळतं. गन पोझिशनवर बारुदाजवळ ओढायला सक्त मनाई, म्हणून तिथून लांब जाऊन ओढायची आणि तेवढं लांब जाणं हीच खरी सुट्टी. नवा पोरगा लागतो तो निकोटीनसाठी लागत नाही, त्या घोळक्यात उभं राहता यावं म्हणून लागतो. आता अशा माणसाच्या हातात तुम्ही गम दिला तर तलफ भागेल पण घोळका गेला, तो एकटा कोपऱ्यात गम गालात धरून बसलेला आणि बाकीचे तिकडे हसतायत. तिसऱ्या दिवशी तो परत तिकडेच.

माझ्या बाबतीत गम चालला त्याचं मुख्य कारण मी गमला देत नाही. आमचे सुभेदार साहेब स्वतः सोडत होते, त्यांनी ब्रेकला आम्हा चौघांना घेऊन गनच्या दुसऱ्या बाजूला बसायला सुरुवात केली, गम गालात, गप्पा तशाच, पाच मिनिटं तशीच, आणि कोणाची हिंमत नव्हती आम्हाला टेंट पेग उचलायला लावायची. घोळका टिकला, धूर गेला. तेच मी इथे करतो, पळणं झाल्यावर गमवाली पोरं एका बाजूला बसतात, तिथेच मोबाइल, तिथेच भरतीच्या तारखांच्या अफवा. सिन्नरवाला आता तिथला पुढारी झालाय, नवीन पोराला चावताना बघितलं की लांबून ओरडतो, 'अय, गालात ठेव गालात.' तिसऱ्या राउंडला त्याचे खांदे अजून थोडे वर जातातच, पण मागची सगळी पोरं पुढे निघून जायचं बंद झालंय. आणि घरी गेला की चुलत्याबरोबर अधूनमधून एखादी बिडी होते, ते त्यानेच सांगितलं, मी काही बोललो नाही.

डॉक्टर लोकांचं संशोधन काय म्हणतं तर गम, पॅच असल्या गोष्टींनी सुटण्याची शक्यता पन्नास ते साठ टक्क्यांनी वाढते. हे वाचून निम्म्याच्या वर लोकांची सुटते असं समजू नका, वाढते म्हणजे नुसत्या इच्छाशक्तीवर जेवढ्यांची सुटते त्याच्या दीडपट, आणि नुसत्या इच्छाशक्तीवर फार थोड्यांची सुटते. पॅच आणि गम दोन्ही मिळून लावलं तर एकट्या गमपेक्षा चांगलं चालतं, पण ते स्वतःच्या मनाने करू नका, डॉक्टरला विचारून.

खरेदीचं बोलू. २ एमजीचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ एमजीला डॉक्टरची चिठ्ठी लागते. ढोबळ हिशोब असा की सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटते त्याला ४ एमजी लागू शकतो, बाकीच्यांना २ पुरतो. पैशाच्या बाबतीत एक गम एका चांगल्या सिगारेटपेक्षा स्वस्त पडतो, त्यामुळे परवडत नाही म्हणणाऱ्याचं मी ऐकून घेत नाही. सुरुवातीचे दीड महिने दर तास-दोन तासांनी एक, मग हळूहळू अंतर वाढवत तीन महिन्यांत बंद, असा कोर्स आहे. लोक काय करतात, दिवसाला दोन-तीन गम खातात, कमी पडतो, आणि बदनाम करतात. हार्टचा त्रास असेल, बीपी असेल, घरात कोणी गरोदर असून तिच्यासाठी विचार करत असाल तर आधी डॉक्टर.

सर्व्हिस मात्र रद्दी. नाशिकरोडच्या एका मेडिकलात (नाव राहू द्या) मी मुद्दाम गिऱ्हाइक बनून विचारलं की कसा खायचा, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, 'काका च्युइंगम आहे, चावा.' झालं. पाकिटातला कागद इंग्रजीत, अक्षर एवढं बारीक की माझ्या चष्म्याने हात टेकले. महाराष्ट्रात विकता, तर दोन ओळी मराठीत छापायला काय जातं? चावा, थांबा, गालात ठेवा, चहा नको. एवढंच तर लिहायचंय. आणि एका दुकानात मला मुदत संपायला आलेलं पाकीट चिकटवत होते, गम इतका कडक झालेला की दाताची फिलिंग निघाली असती, त्यामुळे तारीख बघूनच घ्या.

चवींमध्ये मिंट ठीक, दालचिनी मला स्वतःला आवडली, झणझण सुरू झालेली त्यात कळत नाही एवढीच अडचण. फ्रूट म्हणजे पोरांच्या गोळ्यांसारखी चव, त्याच्यापासून लांब राहा, घरात लहान मुलं असतील तर जास्तच, निकोटीन त्यांच्यासाठी धोक्याचं आहे, पाकीट वर ठेवा. पान फ्लेवर हा कोणाच्या डोक्यातून निघालाय देव जाणे, पानपट्टीवरून माणूस उठवायचाय आणि तोंडात पानाचीच आठवण द्यायची! माझ्याकडच्या दोन पोरांनी पान फ्लेवर घेतला आणि दोघंही आठवड्यात परत टपरीवर.

तंबाखूवाल्यांसाठी वेगळं लिहायला पाहिजे, कारण आपल्याकडे ओढणाऱ्यांपेक्षा धरणारेच जास्त. २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के, यातच सगळं आलं. भरतीच्या पोरांमध्येही तेच, सिगारेटचा वास येतो म्हणून पुडी, मोज्यात लपवून. तंबाखूत कार्बन मोनॉक्साइड नाही म्हणून दम लागत नाही असं ते मानतात, ते अर्धं बरोबर आहे, पण पल्स तशीच वाढते, रक्तवाहिन्या तशाच आकसतात, आणि तोंडाचं काय होतं ते पुडीवरच्या फोटोत बघा. त्यांना गम जमतो, बसतो पण बरोबर गालात, फक्त एक तक्रार सगळ्यांची सारखी, की मळायला काही नाही. हाताला काम नाही. त्याला माझ्याकडे उपाय नाही, एकाने शेंगदाणे सोलायला घेतलेत.

गमच्या जोडीला फोन करून बघा, १८००-११-२३५६, सरकारची तंबाखू सोडवायची हेल्पलाइन आहे, फुकट, दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झालेली, सिगारेटच्या आणि तंबाखूच्या पाकिटावर हाच नंबर छापलेला असतो आणि आजवर कोणी वाचलेला नाही. लागायला कधी वेळ लागतो, पण माणूस बोलतो तो न रागावता बोलतो, आमच्या पोरांना तेच नवीन होतं. सर्व्हिसमध्ये असाल तर आपल्या एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातल्या, डॉक्टर साहेबांना सरळ विचारा, लाजायचं काय त्यात, पायाला फोड आला तर जाताच ना.

रेटिंग: गम म्हणून चार स्टार, पाकिटावरच्या माहितीला एक, काउंटरवरच्या सल्ल्याला शून्य. पान फ्लेवर घेणार असाल तर माझ्या ग्राउंडवर येऊ नका. बाकी ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी साडेपाचला या, बूट साधे चालतील, पाण्याची बाटली आपापली आणा, आणि चहा पळणं झाल्यावर.